कोऱ्या नळीतलं जस्त

ज्या नळीत काहीच घातलं नव्हतं, तिच्यात जस्त निघालं.

गुरुवार होता. धातू मोजायचं यंत्र माझ्या वाट्याला फक्त गुरुवारी दुपारी यायचं. ठाण्याच्या खाडीतल्या तिवरांची पानं धुऊन, वाळवून, कुटून, आम्लात विरघळवून मी तीस बाटल्या तयार करून नेल्या होत्या. त्यातल्या तीन कोऱ्या. प्रयोगशाळेत आम्ही त्याला ब्लँक म्हणतो. तेच आम्ल, तेवढंच पाणी, तीच भांडी, तितकाच वेळ शेगडीवर, फक्त पानांची पूड घालायची नाही. त्यांचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. शिशाचा तसा आला, तांब्याचाही आला. जस्ताचा मात्र पानांच्या आकड्याच्या जवळजवळ निम्मा आला.

मी तेव्हा पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात होते. विषय वनस्पतीशास्त्राचा: खाडीच्या चिखलात साठलेले धातू तिवराच्या मुळांतून पानापर्यंत किती चढतात. दोन हंगामांची पानं मोजून झाली होती, आलेख काढून झाले होते, एका परिषदेसाठी सारांशही पाठवला होता. त्या दोन हंगामांत हे जस्त का दिसलं नाही, याचं उत्तर माझ्याच सवयीत होतं. यंत्र शून्यावर आणताना मी ब्लँकच वापरायचे. म्हणजे ब्लँकमध्ये जे काही असेल तेच यंत्राला शून्य वाटायचं. त्या गुरुवारी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आज शून्य नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यावर लाव, आणि ब्लँक नमुन्यासारखे मोज. तीन कर." तीन केले आणि तिन्हींचे आकडे तीन तऱ्हेचे आले. एकच आकडा तिन्हींत असता तर वजा करून मोकळी झाले असते. इथे वजा करायचं तर किती करायचं?

त्या संध्याकाळी मुलुंडला उतरून घरी न जाता मी पूर्वेला मिठागरांच्या दिशेने बराच वेळ चालत राहिले.

या खाडीशी माझं नातं पीएच.डी.च्या आधीचं आहे. माझे आजोबा मिठागरात मुकादम होते. उधाणाचं पाणी आत घ्यायचं तर भरती कधी पूर्ण होणार हे घड्याळाआधी कळायला हवं, म्हणून त्यांनी मला लहानपणीच हिशोब शिकवला होता. तिथीला पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, म्हणून हिशोब अगदी काटेकोर नाही, पण चिखलात उतरणाऱ्या माणसाला पुरतो. संशोधनाच्या पाच वर्षांत मी भरतीचं छापील वेळापत्रक नेहमी जवळ ठेवलं आणि तरी प्रत्येक वेळी आधी तिथी मोजली.

नमुने घ्यायला मी द्वितीया किंवा तृतीया निवडायचे. पौर्णिमा-अमावास्येनंतर दिवस-दोन दिवसांनी पाणी सर्वांत जास्त उतरतं आणि तृतीयेची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, सकाळी सव्वाआठ-साडेआठला असते. खाडीत आत थोडी उशिराच. ऊन चढायच्या आत काम आटोपतं. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. तिथे पान तोडायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. ऐरोलीकडच्या कोळीवाड्यातले एक नाखवा मला होडीतून न्यायचे. पीव्हीसीचा पाइप चिखलात सरळ दाबायचा, वरून बूच लावायचं, हळूहळू वर ओढायचा, की गाळाचा अखंड गाभा हातात येतो. वरचे दोन-तीन बोटं पिवळट-करडे, त्याखाली एकदम काळा, आणि सडक्या अंड्याचा वास. प्राणवायू संपला की तिथले जिवाणू सल्फेटवर जगतात, त्याचा हा वास. सल्फाइड धातूंना धरून ठेवतं, म्हणून तो काळा थर माझ्यासाठी महत्त्वाचा. चमचा प्लास्टिकचा, पिशव्या नव्या, पोलादाला हात लावायचा नाही.

तिवर वरवर साधं झाड. पण एव्हिसेनिया मरिना आणि एव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस या दोन जाती इथे शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि चुकून मिसळल्या तर सगळा हिशोब बिघडतो. म्हणून मी प्रत्येक झाडाची डहाळी दाबून वाळवली आणि सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाऊन तिथल्या जुन्या नमुन्यांशी ताडून घेतली. शिवाय तिवराचं पान स्वतःतलं मीठ बाहेर टाकतं. सकाळी पानावर बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. त्या मिठावर खाडीतली धूळ चिकटते. पान नीट धुतलं नाही तर तुम्ही पान मोजत नाही, धूळ मोजता. मी पाच पाण्यांनी धुवायचे. पान धुण्यात मी इतकी काळजी घेतली होती, म्हणूनच ते कोऱ्या नळीतलं जस्त मला इतकं लागलं.

बर्फाची पेटी लोकलने न्यायची तर लगेज डब्याशिवाय पर्याय नाही. तिथे मासळीच्या पाट्यांशेजारी माझी पेटी असायची. मासे विकणाऱ्या मावश्या पेटी सरकवायला मदत करायच्या, आत काय म्हणून विचारायच्या. चिखल म्हटलं की कुठला, कशाला, हे सगळं त्यांना सांगावं लागे. मला ते सांगायला आवडायचं. माझ्या कामाबद्दल इतके नेमके प्रश्न विभागातही फार जणांनी विचारले नव्हते.

तर जस्त. जस्ताचं अवघड हे की ते सगळीकडे असतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर असतं, पितळेत असतं, कॅलामाइन लोशनमध्ये असतं, उन्हाच्या क्रीममध्ये असतं, रंगात असतं. मी वहीच्या एका पानावर संशयितांची नावं लिहिली आणि एकेकाला बाजूला काढायचं ठरवलं. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची, तीन ब्लँक करायचे, गुरुवारी मोजायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठलीमुळे फरक पडला ते कळत नाही. हे आपण शाळेत शिकतो, पण एक आठवडा एका फुकट उत्तरासाठी द्यायचा असतो तेव्हा ते पाळणं जड जातं.

पहिल्यांदा पाणी. ऊर्ध्वपातन यंत्रातलं पाणी सोडून दुसऱ्या विभागातून अतिशुद्ध पाणी आणलं. फरक नाही. मग नायट्रिक आम्लाची नवी, जास्त शुद्ध प्रतीची बाटली. तासिका तत्त्वावर शिकवून जे मानधन मिळे त्यातून ती घेताना दोनदा विचार केला होता. फरक नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड बदललं. गाळणकागद बदलला. भांडी दहा टक्के आम्लात एक रात्रीऐवजी तीन रात्री बुडवून ठेवली. चेहऱ्याला क्रीम लावणं बंद केलं. प्रयोगशाळेची खिडकी रस्त्याकडे उघडते, ती बंद ठेवून मे महिन्यात आम्लाच्या वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हुडसमोर उभी राहिले. पितळी चाळणीवर माझा फार संशय होता, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. पण चाळणी गाळासाठी वापरायचे, पानांसाठी नाही, आणि ब्लँकमध्ये तांबं येत नव्हतं. तरी गाळासाठी नायलॉनची जाळी आणली ती तेव्हाच.

मला सर्वांत जास्त फसवलं ते प्रमाणित नमुन्याने. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचा समुद्री गाळ बाटलीत मिळतो, सोबत त्यात कुठला धातू किती याचा दाखला असतो. आपल्या पद्धतीने तो मोजून आकडा जुळला तर पद्धत बरोबर. माझा जुळत होता. गाळात जस्त मुळातच भरपूर, त्यामुळे बाहेरून आलेलं त्यात बुडून जायचं. पानांत जस्त थोडं, तिथे ते डोकं वर काढायचं. गाळाच्या दाखल्यावर पानांची खात्री धरून मी दोन वर्षं निर्धास्त होते. ही चूक मी आता माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते.

पाऊस सुरू झाला तेव्हा यादीतली सगळी नावं खोडून झाली होती. मग मी उलटीकडून सुरुवात केली. जुने सगळे ब्लँक काढले आणि तारखेनुसार मांडले. एका तारखेचे तिन्ही ब्लँक स्वच्छ होते. तो आकडा मी तेव्हा 'यंत्र नीट चाललं नसावं' असं समजून बाजूला ठेवला होता. मॅडमचा एक आग्रह असायचा, तो मला तेव्हा जाचक वाटायचा: वहीत सगळं लिहायचं, खोलीचं तापमान, कोण आलं, काय सांडलं, सगळं. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हातमोजे संपले. शेजारून पॉलिथिनचे आणले.'

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पॉलिमर शिकणारी माझी एक मैत्रीण आहे. रात्री तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, रबर व्हल्कनाइझ करताना झिंक ऑक्साइड घालतातच. त्याशिवाय गंधक नीट जोडलं जात नाही. तुझे मोजे लॅटेक्सचे, त्यात पावडरवाले. तू तोंडाला बोट लावतेस का?"

"माझ्या?"

"फ्लास्कच्या."

लावत होते. पन्नास मिलिलिटरच्या फ्लास्कची काही बुचं हरवली होती. द्रावण हलवताना मी तोंडावर अंगठा दाबून फ्लास्क उलटा करायचे. आत आम्ल, बाहेर रबर. प्रत्येक वेळी अंगठा किती वेळ दाबला, मोजा किती जुना, त्यावर जस्त कमीजास्त. म्हणून तीन ब्लँकचे तीन आकडे. चार महिने मी खोलीभर शोधत होते आणि ते माझ्या हातावर होतं.

वनस्पतीशास्त्राच्या मुलीला रबराचं रसायन माहीत असायचं कारण नाही असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. मी चिखल मोजायला घेतला तेव्हाच रसायन, भूशास्त्र, संख्याशास्त्र सगळं अंगावर घेतलं होतं, नोंदणीच्या अर्जावर विषय एकच असला तरी.

याच सुमारास मी कुलाब्याच्या वेधशाळेबद्दल वाचलं आणि मला फार आधार वाटला. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा लक्षात आलं की रुळांतून वाहणारी वीज या नोंदी बिघडवणार. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू केली. इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंडाशिवाय. आणि लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा दुवा तुटू नये. ट्राम धावायला लागल्या १९०७ मध्ये. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी ट्राम येण्याआधीच आपला ब्लँक सांभाळला होता.

मीही तेच केलं. एका आठवड्यात सहा ब्लँक जुन्या मोज्यांनी, सहा पॉलिथिनच्या. बाकी सगळं सारखं. जुन्यांत जस्त, नव्यांत नाही. नंतर पद्धतच ठरवली: आम्लापासून बचावाला आत नायट्राइल या कृत्रिम रबराचा मोजा, वर पॉलिथिनचा, आणि वरचा प्रत्येक नमुन्याला नवा. सगळ्या फ्लास्कना नवी बुचं. दोन हंगामांची पानं पुन्हा तोडावी लागली, म्हणजे आणखी एक वर्ष. परिषदेचा सारांश मागे घेतला. जुने आकडे फाडून टाकावेत असं माझ्या मनात आलं होतं. मॅडम म्हणाल्या, "फेकायचे नाहीत. परिशिष्टात ठेव आणि का वापरले नाहीत ते लिही. तुझ्यामागून येणारीच्याही हातात मोजे असणारच." नव्या नमुन्यांपैकी दर दहावा मी पवईच्या आयआयटीतल्या सैफ केंद्रात दिला. तिथे बाहेरच्यांनाही शुल्क भरून आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रावर तपासून मिळतं. वेगळं यंत्र, वेगळे हात, आणि आकडे जुळले. त्या दिवशी पवईच्या तलावाकाठी बसून मी आईला फोन केला आणि मला नीट बोलता येईना.

दुसरी चूक यापेक्षा लवकर पकडली गेली, पण ती अधिक गंभीर होती. गाळातलं तांबं जास्त येत होतं. जास्त म्हणजे कशापेक्षा? बहुतेक जण जगाच्या सरासरी शेल खडकाशी, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाशी, तुलना करतात. १९६१ साली ट्युरेकियन आणि वेडेपोल यांनी दिलेला तक्ता आहे, त्यात तांबं ४५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४५, जस्त ९५, शिसं २०. मी तोच घेतला आणि सल्लागार समितीपुढे सांगितलं की खाडीत तांब्याचं मोठं प्रदूषण आहे. समितीत भूशास्त्राचे एक सर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "या खाडीत गाळ कुठल्या दगडाचा येतो?"

बेसॉल्टचा. सह्याद्रीपासून अंधेरीच्या गिल्बर्ट हिलपर्यंत सगळा तो काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात तांबं मुळातच जास्त, अनेकदा शंभर पीपीएमच्या वर. कारखाना नसता, शहर नसतं, तरी इथला चिखल त्या तक्त्यापुढे प्रदूषितच दिसला असता. सर म्हणाले, "शेलशी तुलना करायची तर मग सगळं दख्खन प्रदूषित आहे असं लिही."

मग गाभ्याचा अगदी तळचा थर स्थानिक पाया म्हणून धरला, प्रत्येक धातूला त्याच नमुन्यातल्या ॲल्युमिनियमने भागलं, कारण बारीक मातीच्या कणांना धातू जास्त चिकटतात आणि ॲल्युमिनियम त्या मातीचं प्रमाण सांगतं. तांब्याचा फुगवटा बराचसा खाली बसला. शिसं आणि जस्त मात्र वरच्या थरांत खरंच जास्त राहिले. म्हणजे शहराचा हात आहे, पण मी ज्या धातूवर बोट ठेवलं होतं तिथे तो फारसा नव्हता. संख्याशास्त्राचा भाग नंतर सरळ झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, एवढंच की पहिली दोन वर्षं मी तो शेवटी करायचा भाग समजत होते आणि तो आधी करायला हवा होता.

या सगळ्याचा मला इतका धाक का वाटत होता, त्याला एक कारण आहे. पहिल्याच वर्षी होडीत चिखलाची बादली ठेवताना नाखवांनी विचारलं होतं, "येवरा चिखल न्हेलास, आता सांग बाय, खारीतली मासली खावाची का नाय?" त्यांचं घर या मासळीवर चालतं, जेवणही तीच, चिखलातली निवटी मासळीही आवडीने खातात. मी 'तांब्याचं मोठं प्रदूषण' असं छापून मोकळी झाले असते आणि कोणी त्यातलं एक वाक्य उचलून पेपरात दिलं असतं, तर त्यांच्या पाट्या बाजारात पडून राहिल्या असत्या, तेही दगडातल्या तांब्यासाठी.

प्रबंध दिला, परीक्षकांचे अहवाल आले, खुली तोंडी परीक्षा झाली. मला वाटलं होतं की प्रश्न निष्कर्षांवर येतील. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्धा तास फक्त परिशिष्टावर घालवला, न वापरलेल्या आकड्यांवर. मोज्यांचा तक्ता त्यांनी फोटो काढून नेला. नंतर चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात एका छोट्या गटापुढे मराठीत बोलायची संधी मिळाली. तिथे ब्लँकला काय म्हणायचं यावर मी अडले, आणि समोर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी सुचवलं, "कोरा नमुना म्हणा की." तेव्हापासून मी तेच म्हणते.

नाखवांना उत्तर द्यायला मी पुन्हा कोळीवाड्यात गेले. सांगितलं की मी चिखल मोजला, पान मोजलं, मासा मोजला नाही, त्यामुळे माशाबद्दल हो किंवा नाही म्हणायचा मला अधिकार नाही. चिखलात शिसं आणि जस्त वरच्या थरात वाढलेलं आहे, ते मासळीत जातं का ते बघायला हवं. त्यांनी ऐकून घेतलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग बघ."

यंदा माझ्याकडे एक मुलगी आली आहे, प्राणिशास्त्राची, निवटीवर काम करायला. परवानगीचं पत्र आलंय. तिला पॉलिथिनचे मोजे दिलेत, वही दिली आहे, आणि पहिला महिनाभर नुसते कोरे नमुने करायला लावलेत. येत्या तृतीयेला सकाळी साडेआठला सुकती आहे. नाखवांनी होडी काढायचं कबूल केलंय.